अकरा नंबरची नळी

पूल वाहून गेल्याला नऊ दिवस झाले होते, आणि धरणावरच्या मोजणी केंद्रात आता तीन पदवीधर, पाऊण पोतं बटाटे आणि एकमेकांचा मनसोक्त वैताग एवढंच शिल्लक होतं. स्वयंपाकी सुट्टीवर गेला तो पलीकडेच अडकला. पहारेकऱ्याला तर त्याआधीच काढून टाकलं होतं. खाली जायला पस्तीस किलोमीटरचा एकच रस्ता, त्या रस्त्यावर एकच पूल, आणि तोच ओढ्याने नेला. ‘दोन दिवसांत माणसं पाठवतो,’ असं खालच्या कार्यालयाने सांगितलं होतं. कार्यालयाचे दोन दिवस किती लांब असतात, हे या तिघांना एव्हाना कळायला हवं होतं. इथे लागताना ‘सहा महिन्यांत कायम करू’ असं सांगितलं होतं, त्यालाही दोन वर्षं झाली होती.

तिघांतला पहिला गणित्या. संख्याशास्त्रात विद्यापीठात दुसरा आलेला, आणि पहिला कोण आला याची अजून चौकशी करणारा. दुसरा प्रोफेसर. तत्त्वज्ञानात एम. ए. करून सात कॉलेजांत मुलाखती दिल्या, कुठेच लागला नाही, म्हणून हे नाव. आणि तिसरी धाकटी. सिव्हिल इंजिनिअर. तिचं नाव तिच्या बहिणीमुळे पडलं. बहीण केंद्राच्या फोनवर फोन करायची आणि ‘धाकटी आहे का हो?’ असं विचारायची. पहिल्या आठवड्यात प्रोफेसरने तो फोन घेतला आणि त्या दिवसापासून ती सगळ्यांची धाकटी झाली.

ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर ताईने स्वतःचं शिक्षण दहावीला सोडलं, दवाखान्यात चादरी धुवायच्या कामाला लागली आणि धाकटीला इंजिनिअर केलं. धरणाच्या खाली नदीकाठी चारशे घरांची वसाहत होती, तिथे ती सासूबरोबर राहायची. नवरा दूर बोटीवर. धाकटीचा पदवीदानाचा फोटो ताईने दारासमोरच लावला होता. येणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथे गेलीच पाहिजे.

आता यांचं काम. धरण मातीचं होतं. मातीच्या धरणात पाणी थोडंफार मुरतंच. किती मुरलं ते कळावं म्हणून भरावात अठरा लोखंडी नळ्या उभ्या पुरलेल्या होत्या. नळीत मोजायची फीत सोडायची, टोकाचं वजन पाण्याला टेकलं की हातातली डबी पीं करून वाजते. नळीच्या तोंडापासून पाणी किती खोल, तेवढा आकडा लिहायचा. आकडा मोठा म्हणजे पाणी खोल, सगळं ठीक. आकडा लहान होत चालला म्हणजे पाणी भरावात वर चढतंय, धरणाच्या पोटात काहीतरी बिघडतंय. रोज सकाळी अठरा आकडे, रजिस्टरात लिहायचे आणि खालच्या कारकुनाला फोनवर कळवायचे. शाळेतल्या पोरालाही जमेल असं हे काम, आणि त्यासाठी तीन पदव्या.

पहिलं सव्वा वर्ष तिघांनी ते इमानेइतबारे केलं. उन्हात, वाऱ्यात, तापाने फणफणलेले असतानाही तीनशे बारा पायऱ्या उतरले. मग एकदा कंटाळून प्रोफेसरने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘सात नंबरच्या नळीत आज हत्ती आढळला. नर.’ महिन्याने रजिस्टर वरिष्ठांकडून परत आलं. त्या पानावर हिरव्या शाईत सही होती आणि शेरा होता, ‘तपासले. समाधानकारक.’

तिघं पोट दुखेपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एकजणही पायऱ्या उतरायला उठला नाही.

तेव्हापासून सात महिने आकडे खोलीतच तयार व्हायचे. गणित्या पडला हुशार. त्याने त्याचंसुद्धा सूत्र बसवलं. तलावात पाणी वाढलं की आकडे किंचित कमी, उन्हाळ्यात किंचित जास्त, मधूनच एखादा वेडावाकडा, पंधरा दिवसांत एकदा चूक आणि त्यावर खाडाखोड. खऱ्या आकड्यांपेक्षा ते जास्त खरे दिसायचे. गणित्या सांगायचा आणि धाकटी लिहायची, कारण अक्षर तिचं चांगलं. खाली सहीसुद्धा तिचीच. पहिल्या दिवशी तिचा हात थोडा अडखळला होता. आठवड्याने ती आकडे लिहिता लिहिता बटाट्याला मीठ किती घालायचं तेही सांगायला लागली.

नवव्या दिवशी सकाळी नऊ वाजता कार्यालयाचा फोन वाजला. आवाज अनोळखी होता.

“मी नवा अभियंता. सोमवारी रुजू झालो. मोजणी कोण करतं?”

“मी, साहेब,” धाकटी म्हणाली.

“दोन दिवस तुमची रजिस्टरं वाचतोय. सगळी. फार नीट ठेवलीत हो. आजकाल असं काम बघायला मिळत नाही.” ते थांबले. “शेऱ्यात एका ठिकाणी हत्ती आहे, त्याचं नंतर बघू. आता ऐका. वर डोंगरात पाऊस थांबत नाही. तलाव काठापासून दीड मीटरवर आलाय. अकरा नंबरची नळी जुन्या नदीपात्रावर आहे, तीच नाजूक. तुमच्या रजिस्टरात ती सात महिने चौदाच्या आसपास आहे. तिचा आत्ताचा आकडा मला हवाय. अर्ध्या तासात.”

धाकटीने फोन ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं लिहिलेलं वाचलं होतं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पायऱ्यांवर गुडघाभर गवत माजलं होतं. सात महिने माणसाचा पाय न लागल्याचं ते गवतच ओरडून सांगत होतं. अकरा नंबरच्या नळीचं झाकण गंजून बसलेलं, ते तिने दगडाने ठोकून काढलं. फीत सोडली. चौदा मीटर सोडायची म्हणून ती मनाशी मोजत होती आणि सहालाच डबी वाजली.

तिला वाटलं, फीत अडकली. ओढून पुन्हा सोडली. सहा पूर्णांक एक. तिसऱ्यांदा सोडली. सहा पूर्णांक एक. तिने मान वर करून बघितलं. डोक्यावर तीनशे बारा पायऱ्यांचा भराव होता आणि त्याच्या पलीकडे अख्खा तलाव. आपण कशाखाली उभ्या आहोत, हे इंजिनिअर बाईंना त्या क्षणी समजलं.

धापा टाकत ती वर आली तेव्हा दोघं दारातच उभे होते.

“किती?” गणित्याने विचारलं.

“सहा.”

“सोळा?”

“सहा! कान फुटले का? सहा पूर्णांक एक!”

प्रोफेसर खाली बसला. गणित्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिला. त्याच्या खिशात दुसऱ्या शहरातल्या विमा कंपनीचं नेमणूकपत्र होतं, पहिल्या तारखेला हजर व्हा असं सांगणारं. ते त्याने गेल्या महिन्याभरात इतक्या वेळा उघडून वाचलं होतं की घडीवर कागद फाटायला आला होता. आता त्याचा हात आपोआप त्या खिशावर गेला.

“सांगायचं नाही,” तो म्हणाला.

“वेडा आहेस का?”

“तू आधी ऐक. ओरडू नकोस. आठ मीटरचा फरक आहे, बरोबर? तो सात महिन्यांत हळूहळू पडला असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. तलाव भरला तसं आतलं पाणी वर आलं. असं होतं, तूच सांगायचीस. तो रात्रीत पडला असेल तर मात्र धरण चाललंय. यातलं नक्की काय झालंय, तुला माहितीये?”

“नाही.”

“मला माहितीये?”

“नाही.”

“पण साहेबाला माहितीये! त्याच्यासमोर रजिस्टर आहे. काल चौदा, आज सहा. त्याच्या हिशेबी ते एका रात्रीत झालंय. तो काय करेल? धरणाची सगळी दारं एकदम उघडेल. बटण त्याच्याच टेबलावर आहे. पन्नास मिनिटांत पाणी वसाहतीत. पहिली रांग कुणाची? तुझ्या ताईची. तिची सासू अंथरुणावरून उठते तरी का?”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही आपल्याच हाताने खणलेली.

“मग खरं सांगू,” ती हळूच म्हणाली. “की आम्ही मोजलंच नव्हतं.”

“सांग ना. आणि मग? वर्तमानपत्रात तुझा तो पदवीचा फोटो येईल. ताईकडून मागून नेतील.” मग त्याचा आवाज एकदम पडला. “हे बघ, मी पाया पडतो. एक तास जाऊ दे. एका तासात पाऊस थांबेल. चौदाच्या जवळपासचं काहीतरी सांग. इतके दिवस धरण टिकलंय, आणखी एक दिवस टिकेल.”

“प्रोफेसर, तू बोल ना काहीतरी,” धाकटी म्हणाली.

प्रोफेसर एरवी मेलेल्या माणसालाही कोपरखळी मारायला कमी करायचा नाही. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “मला काही सुचत नाही. खरंच सुचत नाही.”

फोन वाजला. बरोबर अर्धा तास झाला होता. माणूस वेळेचा पक्का निघाला, तोही नेमका आजच.

“काय आकडा?”

धाकटीच्या डोळ्यांसमोर ताईचं घर आलं. सासूची खाट आणि उंबऱ्यातून आत येणारं पाणी. तिला फक्त ते पाणी थांबवायचं होतं. बाकीचं काहीच त्या वेळी तिला दिसत नव्हतं.

“तेरा पूर्णांक आठ,” ती म्हणाली.

पलीकडे सुटकेचा मोठा श्वास ऐकू आला. “वा. जीव भांड्यात पडला बघा. खाली लोक घाबरलेत, धोका नाही असं जाहीर करतो. तासाभराने पुन्हा मोजा.”

गणित्याने चहा टाकला. तो सारखा बडबडत होता. पूल झाला की पहिल्यांदा काय खायचं, इथून सुटलं की कुठे जायचं. धाकटीचा चहा तसाच राहिला. तिने दहा मिनिटं कशीबशी काढली, मग फीत उचलली आणि पुन्हा पायऱ्यांकडे निघाली.

“आता कशाला?” गणित्या मागून ओरडला. “आकडा दिलाय ना!”

ती उतरत गेली. नळीजवळ जाऊन बसली आणि पहिल्या मोजणीला तास होईपर्यंत थांबली. खालच्या अंगाला दगडांच्या फटीतून पाणी पाझरत होतं. ओंजळीत घेऊन पाहिलं तर अजून स्वच्छ होतं. पाझर गढूळ झाला की माती धुपायला लागली, एवढं तिला परीक्षेपुरतं पाठ होतं. तास झाला तशी तिने फीत सोडली.

पाच पूर्णांक आठ.

तासात तीस सेंटिमीटर. तिने पुन्हा सोडली, आणि पुन्हा. डबीला दयामाया नव्हती. हळूहळू, सात महिन्यांत, वगैरे काही नाही. ते आज, आत्ता, तिच्या पायाखाली चढत होतं.

मोबाइलला रेंज फक्त धरणमाथ्यावरच्या तिसऱ्या दिव्याच्या खांबाशी मिळायची. ती तिथवर पळतच गेली. कार्यालयाचा फोन खोलीत होता. तिथे आधी जायला हवं होतं, पण तिने आधी ताईला लावला. माणूस आधी आपल्या माणसाकडे धावतो. त्याबद्दल तिला नंतरही कुणी बोललं नाही, तीच स्वतःला बोलत राहिली.

“ताई, कुठे आहेस?”

“घरीच. का गं? धापा का टाकतेस?”

“ऐक. आत्ताच्या आत्ता सासूबाईंना घे आणि टेकडीवरच्या शाळेत जा. काही विचारू नकोस.”

ताई चक्क हसली. “अगं, सकाळी तेच चाललं होतं. अर्धी गल्ली निघाली होती. शेजारच्या काकांनी टेम्पो आणला, गाद्यासुद्धा चढवल्या. आमच्या सासूबाई तर पुढच्या सीटवर बसूनही झाल्या होत्या. मग कार्यालयाची गाडी आली, भोंग्यावर सांगितलं, धरणावर प्रत्यक्ष मोजणी झाली आहे, धोका नाही.”

धाकटीने खांब घट्ट धरला.

“तरी लोक ऐकेनात,” ताई सांगत होती. “म्हणतात, कार्यालयाचं काय खरं? मग मीच मध्ये पडले. म्हटलं, अहो, वर मोजायला कोण आहे? माझी धाकटी आहे. तिने मोजलं म्हणजे मोजलं, डोळे झाकून घरात बसा. तेव्हा कुठे काकांनी गाद्या उतरवल्या. आता सगळे आपापल्या घरी आहेत. मी आत्ताच कुकर लावला.”

“सगळे परत आले?”

“सगळे. का गं?”

खोटं बोलायला एक क्षण पुरला होता. खरं बोलायला तिला तीनदा तोंड उघडावं लागलं.

“ताई, तो आकडा खोटा होता. मीच दिला. मी सात महिने काही मोजलेलंच नाही.”

पलीकडे कुकरची शिट्टी तेवढी झाली.

“ताई, लोकांना बाहेर काढ. सगळ्यांना. तुझ्या पाया पडते.”

फोन बंद झाला. आजवर कधी ताईने आधी फोन ठेवला नव्हता. ‘ठेव तू, ठेव तू’ म्हणत दोघी पाच मिनिटं घालवायच्या.

ती खोलीत आली तेव्हा गणित्या फोनच्या टेबलावर बसला होता. फोनची वायर भिंतीतून काढून त्याने मुठीत धरली होती.

“खांबाकडे पळताना बघितलं तुला,” तो म्हणाला. “ताईला सांगितलंस ना? मग झालं. ती निघेल. आता बाकीचं राहू दे.”

“वायर दे.”

“माझे वडील सगळ्या नातेवाइकांना ते नेमणूकपत्र दाखवून आलेत. सगळ्यांना! मला धड नोकरी नाही म्हणून सहा वर्षं त्यांनी मान खाली घालून काढली. त्यांना काय सांगू मी?”

धाकटी एक पाऊल पुढे गेली. त्याने वायर छातीशी धरली. प्रोफेसर उठून दोघांच्या मध्ये आला. नऊ दिवस एका खोलीत कोंडलेली ही तीन शिकलेली माणसं आता एकमेकांचे गळे धरतात की काय, असं झालं होतं.

पण धाकटीने हात उचलला नाही. तिने खिशातून कागदाचा चिटोरा काढून टेबलावर ठेवला.

“सव्वानऊला सहा पूर्णांक एक. सव्वादहाला पाच पूर्णांक आठ. तूच काढ. आपल्यात गणित तुलाच येतं.”

“दोन आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही,” गणित्या म्हणाला. सवयीनेच म्हणाला, पण त्याची नजर चिटोऱ्यावर गेली. सात महिन्यांत त्याच्यासमोर आलेले हे पहिले खरे आकडे होते. त्याचे ओठ हलायला लागले. “याच वेगाने जर... दुपारी दोनपर्यंत... आणि वेग वाढला तर...”

“मग? तिसऱ्या आकड्याची वाट बघू?”

तो टेबलावरून उतरला, गुडघ्यांवर बसला आणि वायर स्वतःच भिंतीत खोचली. खोचून झाल्यावर तो तिथेच, भिंतीकडे तोंड करून, रडला. प्रोफेसरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

धाकटीने नंबर फिरवला.

“साहेब, मघाचा आकडा खोटा होता. अकरा नंबर आता पाच पूर्णांक आठ आहे. तासापूर्वी सहा पूर्णांक एक होता. त्याआधीचं काही माहीत नाही. रजिस्टर सात महिने बनावट आहे. अक्षर माझं आहे, सही माझी आहे.”

“सूत्र माझं आहे,” मागून गणित्या म्हणाला. प्रोफेसरही काहीतरी पुटपुटला.

पलीकडे रजिस्टराची पानं उलटल्याचा आवाज आला.

“सात महिने,” साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खूप खाली गेला होता. “मी तासाभरापूर्वी चारशे घरांना सांगितलं, घरात बसा.”

“हो, साहेब.”

“दारं एकदम उघडली तर ते बुडतील. नाही उघडली तर धरण जाईल. मला पायरी पायरीने उघडावी लागतील, प्रत्येक पायरीला मला तुमचा आकडा लागेल. आणि तो मी तुमच्याकडूनच घ्यायचा!”

“माझ्यावर कसा विश्वास ठेवणार तुम्ही?” धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

“विश्वास?” साहेब म्हणाले. “बाई, तिथे दुसरं कुणी आहे का? जा. नळीवर जा. दर पंधरा मिनिटांनी आकडा.”

मग ते काम सुरू झालं. धाकटी नळीपाशी, प्रोफेसर मधल्या पायरीवर, गणित्या वर फोनशी. ती खालून आकडा ओरडायची, प्रोफेसर तो झेलून वर ओरडायचा, गणित्या साहेबांना सांगायचा आणि लिहून ठेवायचा. पाच पूर्णांक सात. पाच पूर्णांक सहा. खाली डाव्या अंगाला दारांमधून पाणी गर्जत सुटायला लागलं, तसा प्रोफेसरचा आवाज पोचेना. मग तो प्रत्येक वेळी निम्म्या पायऱ्या उतरून यायचा, आकडा ऐकायचा आणि पुन्हा वर पळायचा. चार तास त्याने एकही विनोद केला नाही. पाझराचं पाणी मध्येच एकदा पिवळसर दिसलं. पळून जावं असं धाकटीला फार वाटलं. ती नळीला धरून बसून राहिली. पाणी पुन्हा निवळलं.

पाच पूर्णांक पाच. पाच पूर्णांक पाच. पुन्हा पाच पूर्णांक पाच. मग तीन वाजता, पाच पूर्णांक सहा.

तो आकडा तिने सात वेळा मोजून बघितला. आकडा मोठा व्हायला लागला होता. भरावातलं पाणी उतरत होतं.

साडेचारला आकडा पाच पूर्णांक नऊवर आला तेव्हा गणित्या निरोप घेऊन स्वतः खाली उतरला. “साहेब म्हणतात, धरण बहुतेक वाचलं. म्हणतात, तुमचं काय करायचं ते पूल झाल्यावर ठरेल, तोवर मोजत राहा.”

“आणि वसाहत?”

“पहिल्या दोन रांगांत पाणी शिरलंय. माणसांचं त्यांनाही अजून कळलेलं नाही.”

ती तीनशे बारा पायऱ्या कशी चढली, तिला आठवत नाही. तिसऱ्या खांबाशी उभं राहून तिने आठ वेळा फोन लावला. ताई उचलत नव्हती. प्रोफेसर मागे येऊन नुसता उभा राहिला. नवव्यांदा फोन उचलला गेला. पलीकडे खूप माणसांचा गलका होता, कुणीतरी लहान मूल रडत होतं.

“ताई!”

“हां.”

“कशी आहेस? सासूबाई?”

“शाळेत आहोत. सगळे आहेत. काकांचा टेम्पो चार फेऱ्या करून पाचव्या फेरीला अडकला, तेव्हा बाकीचे चालत आले. माणूस एकही गेला नाही.” ताईचा आवाज सपाट होता, शेजारणीशी बोलावं तसा. “घरात छातीएवढं पाणी आहे. काही काढता आलं नाही.”

धाकटीला रडू फुटलं. माणसं वाचली म्हणून फुटलं, आणि ताई असं बोलतेय म्हणूनही. “ताई, मला माफ कर.”

“लोक विचारतायत,” ताई म्हणाली, “सकाळचा आकडा कुणाचा होता. काय सांगू?”

“माझा होता म्हणून सांग.”

“सांगितलं मी. तू म्हणायच्या आधीच सांगितलं.” पलीकडे कुणीतरी ताईशी काहीतरी बोललं. ताई जरा बाजूला झाली असावी, कारण गलका कमी झाला. “आता सगळे विचारतायत, पाणी उतरतंय की चढतंय. इथे राहायचं की आणखी वर जायचं. म्हातारी माणसं आहेत, पोरं आहेत. तिथला आकडा काय आहे?”

“उतरतंय, ताई. पाच पूर्णांक नऊ. धोका टळला असं साहेब म्हणतात.”

सबंध आयुष्यात धाकटीने सांगितलेलं ताईने उलटून विचारलं नव्हतं. परीक्षेचे मार्क, वसतिगृहाच्या वेळा, नोकरीचं पत्र, काहीही.

“मोजलंस?” ताईने विचारलं.

“मोजलं, ताई. आत्ता मोजून आले.”

“पुन्हा मोजून ये,” ताई म्हणाली. “मी थांबते फोनवर.”

धाकटीने फोन चालू ठेवून प्रोफेसरच्या हातात दिला, डोळे पुसले, फीत खांद्यावर घेतली आणि पायऱ्या उतरायला लागली.